तेरड्याची बाजू

शिक्षकाच्या तोंडी म्हणी फार असतात. खडूसारख्या त्या सदैव हाताशी असतात आणि खडूसारख्याच नेम धरून फेकूनही मारता येतात. तीस वर्षांच्या नोकरीत मी अशा किती म्हणी फेकल्या असतील, याचा हिशेब नाही. बहुतेक विसरलो. एक मात्र विसरता येत नाही.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. धारला तेव्हा मी साधा शिक्षक होतो. शाळा सुटल्यावर आठवड्यातून तीन दिवस मराठीचा वर्ग घेत असे. तो वेळापत्रकात नव्हता, त्याचे गुण नव्हते, की फी नव्हती. घरी आजी-आजोबा मराठी बोलतात, पण आपल्याला बाराखडीतला ‘ळ’ देखील धड म्हणता येत नाही, अशी आपल्या घरांतली मुले त्यात येत. आठवीतला एक मुलगा पहिल्या दिवसापासून पुढच्या बाकावर बसू लागला. वही कोरी करकरीत, अक्षर टपोरे, प्रश्नांचा नुसता भडिमार. तीन आठवडे हा उत्साह टिकला आणि मग तो एकाएकी यायचा बंद झाला. दहाएक दिवसांनी व्हरांड्यात समोर आला, तेव्हा मी चारचौघांत म्हणालो, “काय रे, तेरड्याचा रंग तीन दिवस!”

मुलांना म्हण कळली नाही. “सर, तेरडा मतलब?” कुणीतरी विचारले. मी सांगून टाकले, “अरे, तेरडा म्हणजे गुलमेहंदी.”

बस्स. त्या दिवसापासून त्या मुलाचे नाव गुलमेहंदी पडले. तेरा वर्षांच्या मुलाला वर्षभर साऱ्या शाळेने फुलाच्या नावाने हाक मारणे म्हणजे काय, हे ज्याने शाळा पाहिली आहे त्याला वेगळे सांगायला नको. पुढच्या जूनमध्ये तो दाखला घेऊन गेला. नंतर केव्हातरी शिपायाकडून कळले की वडिलांचे पीथमपूरचे काम सुटले होते आणि संध्याकाळी तो बसस्टँडजवळच्या चहाच्या गाडीवर कपबशा विसळायला जात होता. वर्ग सुटला होता तो यासाठी. मी विचारले नव्हते. म्हण हाताशी असली की विचारावे लागत नाही, हीच तिची सोय.

त्या मुलाची क्षमा मागायची राहून गेली. तो कुठे आहे, मला ठाऊक नाही. ज्या रोपाच्या नावाने मी त्याला दुखावले, त्या रोपाची तरी बाजू मांडावी म्हणून हा लेखनप्रपंच.

*

तेरडा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो, पण पाहिलेला आणि ओळखलेला यांत फरक आहे. धारहून मांडू पस्तीस-छत्तीस किलोमीटर. श्रावण-भाद्रपदात तिकडे जाल, तर महालांकडे बघण्याआधी रस्त्याच्या कडेच्या दरडींकडे आणि पडक्या भिंतींच्या फटींकडे बघा. जिथे मूठभर माती साचली आहे, तिथे हातभर उंचीची, पाणीदार देठाची रोपे उभी दिसतील. देठ इतका रसरशीत, की उन्हाकडे धरला तर आरपार उजेड दिसावा. पानाच्या बगलेत गुलाबी, जांभळट, क्वचित पांढरी फुले. प्रत्येक फुलाला मागे बारीक, वाकडी सोंड आणि त्या सोंडेत मध. कुणी लावलेले नाही, कुणी पाणी घातलेले नाही.

शास्त्रीय नावात त्याला ‘इम्पेशन्स बालसामिना’ म्हणतात. लिनियसने १७५३ साली हे नाव नोंदवले. इम्पेशन्स म्हणजे अधीर, उतावळा. पिकलेल्या बोंडाला नुसता हात लागला, की त्याच्या पाच पाकळ्या झटक्यात आत वळतात आणि बिया दूर उडतात. त्यावरून हे नाव. म्हणजे पाहा, युरोपातल्या पंडिताने त्याला उतावळा ठरवले आणि आपल्या लोकांनी चंचल. बिचाऱ्याला धड एकही नाव मिळाले नाही. त्याचे कूळही एका जागी राहिले नाही. जोसेफ हूकरने आपल्या देशाच्या वनस्पतींची जी मोठी नोंद केली, तिच्या पहिल्या खंडात तेरडा जिरेनियमच्या कुळात बसवलेला होता. पुढे त्याला स्वतंत्र कूळ मिळाले आणि आता तर अभ्यासक सांगतात की जिरेनियमशी त्याचे जवळचे नातेच नाही. हाच हूकर आयुष्याची शेवटची वर्षे तेरड्याच्या भावकीचा गुंता सोडवत बसला होता आणि १९११ साली चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारला. ज्याचा रंग तीन दिवसांचा, त्याच्या पायी एका माणसाचे म्हातारपण सरले.

आता म्हणीकडे येतो. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ हे निरीक्षण खोटे नाही. एकेक फूल खरोखरच थोडे दिवस टिकते. पण त्या थोड्या दिवसांत ते काय करते, हे बघण्यासारखे आहे. फूल उमलते तेव्हा त्याचे पुंकेसर एकत्र जुळून टोपीसारखे स्त्रीकेसरावर बसलेले असतात. मधासाठी भुंगा आला की पराग त्याच्या पाठीला लागतो. मग ती टोपी गळून पडते, आतला स्त्रीकेसर उघडा होतो आणि दुसऱ्या फुलाचा पराग घ्यायला तयार होतो. आधी द्यायचे, मग घ्यायचे. दोन्ही झाले की पाकळ्या गळतात. काम संपल्यावर रेंगाळणे नाही. यालाच आपण चंचलपणा म्हटले. निरीक्षण खरे, निष्कर्ष मात्र चुकीचा. आणि माणसांच्या बाबतीत असे किती वेळा होते, याचा मी वर दाखला दिलाच आहे.

गंमत म्हणजे याच तेरड्याचा रंग पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला टिकाऊपणासाठी नावाजलेला आहे. कोरियात मुली तेरड्याची फुले-पाने वाटून नखांवर बांधतात. मेंदीत जे रंगद्रव्य असते तेच यातही असते. आपल्याकडच्या हिंदीने त्याला गुलमेहंदी म्हटले ते उगाच नव्हे. नखांवरचा हा रंग पहिला बर्फ पडेपर्यंत राहिला तर प्रीती सफळ होते, असा तिकडचा समज. एकच रोप, एका देशात क्षणभंगुरतेची म्हण झाले, दुसऱ्या देशात निष्ठेची कसोटी. दोष रोपाचा की बघणाऱ्याचा?

*

माझे लहानपण देवासचे. आजी लग्न होऊन कोकणातून माळव्यात आली होती. देवासच्या मराठी घरांत बहुतेक ठिकाणी उभ्या महालक्ष्म्या. मुखवटे, पातळे, दागिने असा थाट. आमच्याकडे मात्र आजीच्या हट्टामुळे तेरड्याची गौर. अनुराधा नक्षत्राच्या दिवशी पहाटे ती मला उठवायची आणि आम्ही माताजीच्या टेकडीच्या मागच्या उताराला जायचो. समोरच्या पायऱ्यांवरून तुळजाभवानी आणि चामुंडेच्या दर्शनाला लोक चढत असत आणि आम्ही मागे चिखलात रोपे शोधत असू.

एकदा मी घाईत एक रोप वरच्यावर खुडले. आजी रागावली नाही. तिने ते बाजूला ठेवले. म्हणाली, “असं नाही, बाळ. मुळासकट घ्यायचं. ही मुळं म्हणजे गौरीची पावलं. पावलांशिवाय ती घरात येईल कशी?”

तेव्हा ते मला गोष्टीतल्या गोष्टीसारखे वाटले. आता या वयात त्या वाक्याने मी थांबतो. आपण मुळांबद्दल बोलतो ते नेहमी जखडण्याच्या भाषेत. मुळे म्हणजे जमिनीत गेलेली, न हलणारी. आणि कोकणातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या मुळांनाच पावले मानले. जी मुळे तीच पावले. आजी स्वतः तशीच आली होती, मुळासकट, चालत.

आणि तीन दिवस? गौरीही तीनच दिवस असते. अनुराधेला आवाहन, ज्येष्ठेला पूजन, मूळ नक्षत्राला विसर्जन. तिसऱ्या दिवशी रोपे मलूल होत. आजी ती ओंजळीत घेऊन विहिरीवर जाई. “फक्त तीनच दिवस आली,” असे तिने गौरीबद्दल कधी म्हटल्याचे मला आठवत नाही. ज्या भाषेने तेरड्याला तीन दिवसांवरून हिणवले, त्याच भाषेतल्या बायका त्याच तेरड्याला तीन दिवस देवी करून पूजत होत्या. म्हण आणि सण यांतले खरे कोण, हा प्रश्न मला पन्नाशी उलटल्यावर पडला.

*

मुख्याध्यापक झाल्यावर मला शाळेपुढे बाग करायची हौस आली. दुकानातून तेरड्याच्या पुड्या आणल्या. बागेतला तेरडा म्हणजे दुहेरी, तिहेरी पाकळ्यांचा, लहान गुलाबासारखा. हा सोळाव्या शतकाच्या अखेरीला इंग्लंडच्या बागांत पोहोचला होता आणि पुढे तिकडच्या माळ्यांनी निवडून निवडून त्याची फुले भरगच्च केली. आमच्या वाफ्यातली ती फुले पाहून तपासणीला आलेले साहेबही थबकले.

पण त्या भरगच्चपणाची एक किंमत असते. दुहेरी फुलातल्या जादा पाकळ्या येतात कुठून? बरेचदा पुंकेसरच पाकळ्या होऊन बसलेले असतात. परागाचे काम सोडून ते शोभेच्या कामाला लागतात. म्हणून अशा फुलांना बी कमी धरते. मी पुन्हा पुड्या आणल्या नाहीत. वाफ्यात पडलेल्या बियांवरच भिस्त ठेवली. तीन-चार पावसाळ्यांत दुहेरी फुले कमी होत गेली आणि साधी, एकेरी, मांडूच्या भिंतीवरच्यासारखी फुले वाढली. माळी हळहळला, “साब, फूल बिगड़ गए.” मी मनात म्हटले, बिघडले की सुधारले?

इथे मला आपल्याबद्दल, म्हणजे तुमच्या-माझ्याबद्दल, थोडे बोलायचे आहे. बेळगाव-बिदरपासून बऱ्हाणपूर-छिंदवाड्यापर्यंत, दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या घरांबद्दल. आपले मराठीपण गेल्या काही वर्षांत बरेच दुहेरी फुलाचे झाले आहे. गणेशोत्सवात नऊवारी, लेझीम, फेटे, भाषण, पाकळ्यांवर पाकळ्या. आणि घरी परतताना नातू आजीला हिंदीत विचारतो, “दादी, वो क्या बोल रहे थे?” शोभा वाईट नाही. पण सगळेच पुंकेसर पाकळ्या झाले, तर बी कुठून यायचे?

मात्र हे लिहिताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर पुन्हा म्हणीसारखाच एकांगी न्याय होईल. तेरड्याचा एक हिमालयातला भाऊबंद १८३९ साली बागेची शोभा म्हणून इंग्लंडला नेला. तो बागेत राहिला नाही. बिया उडवत नदीकाठ धरून देशभर पसरला आणि आज तिकडचे लोक सुट्टीच्या दिवशी जमून तो उपटून काढतात, कारण त्याच्या दाटीखाली तिथली मूळची रोपे गुदमरतात. म्हणजे नुसते टिकणे आणि पसरणे ही काही आपोआप पुण्याई ठरत नाही. एकाच कुळाचे रोप एका जागी गौर, दुसऱ्या जागी तण.

आपण माळव्यात कसे आलो? धारजवळ अमझेऱ्याला १७२८ साली जी लढाई झाली, तिच्यामागून आलो. धारला पवार, देवासला पवारांच्याच थोरली आणि धाकटी अशा दोन पाती. आपण इथे पाहुणे म्हणून नव्हे, सत्ता म्हणून आलो. १९४८ मध्ये संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, सत्ता गेली, आणि आपण उरलो. मोडी दफ्तरे, वाड्यांच्या पडक्या माड्या आणि आमटीची चव एवढे घेऊन. त्या दोनशे वर्षांत इथल्या माळवीला आपण किती जागा दिली, हा प्रश्न आपल्या मराठीच्या काळजीइतकाच खरा आहे. ज्याला आपली भाषा जगावी असे वाटते, त्याने दुसऱ्याची भाषा आपल्या सावलीत गुदमरणार नाही, हेही बघितले पाहिजे.

याचा सगळ्यात चांगला धडा देवासला एका आजारी माणसाने दिला. बेळगावजवळच्या सुळेभावीचे, कानडी घरात जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाच्या दुखण्यामुळे १९४८ च्या सुमारास कोरड्या हवेसाठी देवासला येऊन राहिले. काही वर्षे गाणे बंद. त्या सक्तीच्या मौनात बाहेरून कानावर पडणारी माळवी लोकगीते त्यांनी ऐकली, जमवली, आणि पुन्हा गायला लागले तेव्हा ती माती त्यांच्या गाण्यात आली होती. १९९२ मध्ये ते गेले, देवासलाच. त्या न गाण्याच्या वर्षांत कुणी म्हटले असेल का, की या पोराचा रंग तीन दिवसांचा होता? म्हटले असेलही. बी जमिनीखाली असते तेव्हा वाफा मोकळाच दिसतो.

*

आपण टिकणे या गोष्टीला फार मोठे नैतिक मोल देतो. नोकरीत टिकला, संसारात टिकला, वर्गात टिकला तो चांगला. सोडून गेला तो उथळ. झाडांतही वड थोर, तेरडा क्षुद्र. मांडूला खुरासानी इमलीची अवाढव्य झाडे आहेत. आफ्रिकेतले हे झाड शतकांपूर्वी तिथे आले आणि उभे राहिले. त्यांच्यापुढे मी नेहमी हात जोडतो. पण त्याच झाडाच्या बुंध्याशी उगवलेला तेरडा दसऱ्यापर्यंत वाळून जातो, त्याचे बी माळव्याचा बेचाळीस अंशांचा उन्हाळा मातीत पडून काढते आणि मृगाचा पाऊस झाला की पुन्हा त्याच जागी कोंब येतो. वड टिकतो. तेरडा परत येतो. निष्ठेच्या या दोन रीती आहेत आणि दुसरीला आपल्या नीतिशास्त्रात नावच नाही. जो जाऊ शकतो, जातो, आणि तरी ऋतू आला की येतो, त्याच्या येण्यात काही कमी खरेपणा असतो का? न जाणाऱ्यातले किती जण निष्ठेने राहतात आणि किती जण नुसते हलता येत नाही म्हणून?

माझे उत्तर मी दिले आहे. तुमचे वेगळे असू शकते. तेरड्याचे परत येणेही अटीवर असते, हे मला मान्य आहे. वाफा फरसबंदी करून टाकला तर पुढच्या पावसाळ्यात काही उगवणार नाही. परत येणाऱ्यासाठी कुणीतरी माती मोकळी ठेवावी लागते. वर्गातून गेलेल्या मुलासाठी ती मी ठेवली नव्हती. मी त्याच्यावर म्हण ओतून फरशी केली होती.

यंदा जूनमध्ये शाळेत बैठक होती. मराठीचा वर्ग पुन्हा सुरू करावा, असे मी मांडले. सात नावे आली होती. एक सहकारी हसून म्हणाले, “सर, चार दिन की चांदनी है.” मी म्हटले, “आमच्या मराठीत तीनच दिवस मिळतात. हिंदीने एक दिवस जास्त दिला, उपकार आहेत.” सगळे हसले आणि वर्ग मंजूर झाला.

यावेळी मी तो पावसाळ्यापुरताच ठेवला, जुलै ते सप्टेंबर. सातांची अकरा झाली, अकरांची पाच झाली. पूर्वी जो यायचा बंद होई त्याच्या नावावर मी हजेरीत तांबड्या शाईने रेघ मारत असे. या वर्षी रेघ मारली नाही. एक मुलगी पंधरा दिवस आली नाही, तेव्हा तिच्या घरी गेलो आणि विचारले, “का गं, बरं आहे ना सगळं?” आजी आजारी होती. मुलगी आजीजवळ बसून होती, आणि दोघी मराठीत बोलत होत्या.

हजेरीत तिच्या नावापुढची जागा कोरी आहे. ती मी तशीच ठेवणार आहे, पुढच्या मृगापर्यंत.